अख्खा कोर्स ऑनलाइन न्यायचाय आणि हातात एक वीकेंड आहे, तर सुरुवात कुठून करायची

शुक्रवारी मेल येतो की सोमवारपासून वर्ग भरणार नाहीत, शिकवणं ऑनलाइन चालू ठेवा. कसं चालू ठेवायचं ते मेलमध्ये नसतं. हे काही मी रंगवून सांगत नाहीये, 6 मार्च 2020 ला शुक्रवारच होता आणि त्या दिवशी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने जाहीर केलं की सोमवार 9 तारखेपासून प्रत्यक्ष वर्ग बंद. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि एप्रिल संपेपर्यंत युनेस्कोच्या हिशोबाने जगभरात दीडशे कोटींच्या वर विद्यार्थी वर्गाबाहेर होते. म्हणजे तयारीला वेळ कोणालाच मिळाला नाही, आणि पुढच्या वेळीही मिळेल असं मला वाटत नाही, साथ काय अपॉइंटमेंट घेऊन येत नाही.

तर एक गोष्ट आधी डोक्यात बसवा म्हणजे निम्मं टेन्शन जाईल. तुम्ही ऑनलाइन कोर्स बनवत नाही आहात. नीट बनवलेल्या ऑनलाइन कोर्सला सहा ते नऊ महिने लागतात, त्यात तंत्रज्ञ असतात, डिझाइनवाले असतात, चाचणी होते. तुमच्याकडे तीन दिवस आणि एक लॅपटॉप आहे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये म्हणूनच मार्च 2020 मध्ये काही संशोधकांनी याला वेगळं नाव द्या असं सुचवलं, इमर्जन्सी रिमोट टीचिंग, आणीबाणीतलं दुरून शिकवणं. अंथरूण पाहून पाय पसरायचे, बस.

दुसरी गोष्ट, आणि खरं तर पुढचं सगळं हिच्यावरच उभं आहे: ज्या विद्यार्थ्याचं नेट सगळ्यात वाईट, ज्याच्याकडे लॅपटॉप नाही आणि ज्याच्या घरात कोणीतरी आजारी आहे, कोर्स त्याला समोर ठेवून बनवा. चांगलं नेट असलेल्याला हलका कोर्स चालतोच, उलटं मात्र होत नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, स्वतःच्या घरच्या वायफायवर चाचणी घेतात आणि सगळं झकास चाललंय म्हणून खूश होतात.

पहिल्या दिवशी फक्त एक मेसेज

कुठलंही सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मुलांना मेसेज पाठवा. चोवीस तास तुमच्याकडून काही आलं नाही की अफवा सुरू होतात, परीक्षा रद्द झाली, सगळ्यांना पास करणार, वर्ष वाया गेलं वगैरे. मेसेज लांब नको, आणि "तपशील लवकरच कळवू" असं तर अजिबात नको कारण लवकर म्हणजे कधी ते कोणालाच माहीत नसतं. साधारण असा चालेल:

"सोमवारपासून आपला वर्ग प्रत्यक्ष भरणार नाही, कोर्स चालू राहील. पहिल्या आठवड्यात नवीन काही शिकवणार नाही. सोमवारी जमा करायची असाइनमेंट आता पुढच्या सोमवारी. खालचे सहा प्रश्न बुधवारपर्यंत भरा, फोनवरून दोन मिनिटात होतील. पुढचा मेसेज गुरुवारी संध्याकाळी 6 ला इथेच येईल. घरात कोणी आजारी असेल तर आधी तिकडे बघा, अभ्यासाचं आपण नंतर जुळवू."

त्यातलं "पहिल्या आठवड्यात नवीन काही नाही" हे वाक्य तुमच्यासाठी आहे. एक आठवडा मागून घ्या. वरून परवानगी नसेल तर त्या आठवड्यात उजळणी लावा, जुन्या धड्यांवर सोपी क्विझ लावा, पण नवीन मजकूर ढकलू नका, कारण त्या आठवड्यात निम्मी मुलं हॉस्टेल रिकामं करून प्रवासात असतात.

सहा प्रश्न, आणि न आलेली उत्तरं

काय विचारायचं तर: कोणतं उपकरण आहे आणि ते एकट्याचं आहे की घरात वाटून वापरता, नेट कसं आहे (मोजका मोबाइल डेटा की घरचं कनेक्शन), वर्गाच्या नेहमीच्या वेळेत मोकळे असता का, सध्या कुठल्या टाइम झोनमध्ये आहात, वाचायला ऐकायला बघायला काही मदत लागते का, आणि शेवटी एक उघडा प्रश्न, मला माहीत असायला हवं असं अजून काही. यातली शेवटची दोन उत्तरं तुमच्याशिवाय कोणी बघणार नाही हे फॉर्मवर स्पष्ट लिहा आणि खरंच बघू देऊ नका.

आता गंमत अशी की 60 पैकी 48 जणांनी फॉर्म भरला तर आपण त्या 48 जणांची सरासरी काढून बसतो, 90 टक्के मुलांकडे लॅपटॉप आहे, छान. पण ज्या 12 जणांनी भरलाच नाही त्यांनी का नाही भरला? बहुतेक वेळा नेट नाही म्हणून. त्यामुळे या सर्वेक्षणाचं खरं फळ म्हणजे त्या बारा नावांची यादी. त्यांना साधा फोन करा, नाही लागला तर एसएमएस, नाहीतर वर्गातल्या मित्राकरवी निरोप. हे काम कंटाळवाणं आहे, दोन अडीच तास जातात, पण पूर्ण सत्रात यापेक्षा जास्त उपयोगी दोन तास तुम्ही घालवणार नाही असं मी पैजेवर सांगतो.

कात्री

हा सगळ्यात अवघड भाग आणि लोक नेमका हाच टाळतात. अभ्यासक्रम जसाच्या तसा ऑनलाइन नेता येत नाही. वर्गात 50 मिनिटात जे होतं त्यात अर्धं काम चेहरे बघून होतं, कोणाला समजलं नाही ते दिसतं, आपण तिथल्या तिथे पुन्हा सांगतो. ते सगळं गेलं की तोच मजकूर जास्त वेळ खातो, आणि वर मुलांचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून कापायचं.

कागदावर उरलेले आठवडे मांडा. समजा 8 राहिलेत. पहिला गेला स्थिरावण्यात, शेवटचा मूल्यमापनात, राहिले 6. त्यातलाही एक मोकळा सोडा कारण काहीतरी नक्की बिघडणार, तुम्ही आजारी पडाल, वेबसाइट बंद पडेल, नियम बदलतील. म्हणजे हातात 5. आता उरलेल्या प्रत्येक टॉपिकपुढे एकच प्रश्न लिहा: हा नाही शिकवला तर पुढच्या वर्षी कोणता कोर्स अडेल? उत्तर ठोस आलं, म्हणजे अमुक विषयात पहिल्याच महिन्यात हे लागतं असं, तर टॉपिक राहिला. उत्तर "पण हे माहीत असायला पाहिजे ना" असं आलं तर तो ऐच्छिक वाचनात गेला. उत्तरच आलं नाही तर गेला.

इथे जीव तुटतो. आपल्या आवडीचे टॉपिक जास्त करून दुसऱ्या गटात निघतात, ज्यावर आपण स्वतः संशोधन केलं, ज्याच्या स्लाइड दहा वर्षं घासून पुसून चकचकीत केल्या. ठेवा बाजूला. आणि कापताना एकट्याने कापू नका, जो सहकारी पुढचा कोर्स शिकवतो त्याला अर्धा तास फोन करा, त्याला खरंच काय लागतं ते विचारा, बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार कमी लागतं. काय कापलं त्याची यादी विभागाकडे लेखी देऊन ठेवा म्हणजे पुढच्या सत्रात कोणी म्हणायला नको की यांना हे येतच नाही.

कशातून शिकवायचं: आधी गणित, मग अ‍ॅप

लोक पहिला प्रश्न विचारतात झूम की टीम्स की मीट. तो शेवटचा प्रश्न आहे. आधी डेटाचं गणित करा. व्हिडिओ कॉल सेकंदाला 1 मेगाबिट खात असेल तर तासाला साधारण 450 एमबी झाले. रोज असे चार तास, आठवड्याचे पाच दिवस, झाले 9 जीबी, आणि हे एका विद्यार्थ्याचं, घरात शिकणारी तीन भावंडं असतील तर तिप्पट. आता याच्यासमोर हे ठेवा: 10 मिनिटांचं बोलणं 32 केबीपीएसच्या मोनो एमपी3 मध्ये, म्हणजे साध्या हलक्या ऑडिओ फाइलमध्ये, साठवलं तर अडीच एमबीसुद्धा होत नाही. स्लाइडची पीडीएफ, चित्रं दाबून लहान केली तर दोन तीन एमबी. म्हणजे आठवड्याचं अख्खं शिकवणं आवाज अधिक पीडीएफ या रूपात 20-25 एमबीत बसतं, मोडक्या नेटवर रात्री डाउनलोड होतं आणि नंतर नेट नसतानाही ऐकता येतं.

मी असं नाही म्हणत की व्हिडिओ कॉल घेऊच नका. मी म्हणतोय की कोर्सचा कणा न-थेट ठेवा, म्हणजे जो कधीच लाइव्ह येऊ शकला नाही तोही पास होऊ शकला पाहिजे, आणि लाइव्ह ही वरची सोय ठेवा. हा एक निर्णय घेतला की पुढचे पन्नास निर्णय आपोआप होतात.

मग ठिकाण. संस्थेकडे आधीपासून मूडल किंवा क्लासरूम सारखं कोर्स चालवायचं काही सॉफ्टवेअर चालू असेल तर तेच वापरा, कितीही जुनाट दिसलं तरी, कारण मुलांचे लॉगिन तयार आहेत आणि अडलं तर विचारायला माणूस आहे. आणीबाणीत नवीन टूल शिकणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. आणि ठिकाण एकच. सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर, नोट्स ड्राइव्हवर, असाइनमेंट मेलवर, क्विझ चौथीकडे असं झालं की दोन आठवड्यात कोणालाच काही सापडत नाही, आणि मुलाला असे पाच सहा कोर्स आहेत हे आपण विसरतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवाच असेल तर फक्त "नवीन मजकूर आलाय, तिकडे बघा" एवढ्यासाठी. तेही अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग करून, नाहीतर रात्री बारा वाजता गुड नाइटची फुलं सुरू होतात, आणि शिवाय अशा ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे मुलींना विचारून बघा त्यांना चालतं का.

आठवड्याचा साचा

दर आठवडा हुबेहूब सारखा दिसला पाहिजे. सर्जनशीलता नंतर. सोमवारी सकाळी एक पान उघडतं, त्यावर वरच्या ओळीत लिहिलेलं असतं की या आठवड्यात तुम्हाला एकूण किती तास लागतील आणि शेवटी तुम्हाला काय करता आलं पाहिजे. खाली वाचायचं काय, ऐकायचं काय, मग करायचं काय, आणि जमा कधी करायचं. बुधवारी ऐच्छिक लाइव्ह, शुक्रवारी संध्याकाळी क्विझ बंद, रविवारी रात्री लेखी काम बंद. बस एवढंच, दर आठवड्याला तेच.

तासांचा अंदाज प्रामाणिकपणे करा. आपण म्हणतो एक छोटा पेपर वाचा, दोन व्हिडिओ बघा, फोरमवर दोन पोस्ट टाका, तीन जणांना उत्तर द्या, आणि ते प्रत्यक्षात 11 तास भरतात. वर्गाला पूर्वी आठवड्याला घरचं आणि वर्गातलं धरून जितके तास लागायचे त्याच्या वर जाऊ नका. "सगळे घरीच तर आहेत, वेळच वेळ आहे" हा समज डोक्यातून काढा.

रेकॉर्डिंग

2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या चार कोर्समधली 69 लाख व्हिडिओ-सत्रं तपासून एक अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, निम्म्या वेळा तरी माणूस सहा मिनिटांच्या वर टिकत नाही. अजून दोन गोष्टी निघाल्या ज्या मला जास्त आवडतात, एक म्हणजे महागड्या स्टुडिओपेक्षा टेबलाशी बसून साधेपणाने बोललेले व्हिडिओ लोकांनी जास्त बघितले, आणि दुसरं, तयार स्लाइड दाखवण्यापेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं जास्त टिकलं. म्हणजे तुमच्या घरातली भिंत आणि एक कोरा कागद पुरे आहे. कागदावर लिहा, फोन पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवून वरून शूट करा, झालं.

एका रेकॉर्डिंगमध्ये एकच मुद्दा. 50 मिनिटांचं लेक्चर असेल तर त्याचे पाच तुकडे होतात असं वाटतं, प्रत्यक्षात तीनच होतात कारण हजेरी, मागच्या वेळची उजळणी, विनोद, "समजलं का, हो ना" हे सगळं गळून जातं. आणि कापायला लागलात की कळतं आपल्या लेक्चरमध्ये नमनाला घडाभर तेल किती होतं.

चुकलात तर थांबू नका, "सॉरी, परत सांगतो" म्हणा आणि पुढे जा. पहिल्या आठवड्यात एका दहा मिनिटांच्या तुकड्यासाठी मी चार तास घालवले होते, सात वेळा परत केला, आणि शेवटी जो पाठवला त्यात मागे कुत्रा भुंकत होता आणि मुलांना तो कुत्राच लक्षात राहिला. एकदा करायचं, फार तर दोनदा. तारखा आणि "मागच्या मंगळवारी आपण बघितलं" असली वाक्यं रेकॉर्डिंगमध्ये बोलू नका म्हणजे पुढच्या वर्षीही वापरता येईल.

माइक चांगला हवा, कॅमेरा चालून जाईल. धुरकट चित्र लोक सहन करतात, गुणगुणणारा आवाज दोन मिनिटांत बंद करतात. फोनसोबत आलेला इयरफोनसुद्धा लॅपटॉपच्या आतल्या माइकपेक्षा बरा, पंखा बंद करा, पडदे ओढा, चादर टाका, झालं तुमचं स्टुडिओ.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत मजकूर द्या. अख्खी संहिता नाही जमली तर ठळक मुद्द्यांचं एक पान. ज्याला ऐकू येत नाही त्याला ते लागतंच, पण ज्याच्या खोलीत अजून चार माणसं बसलीयत त्यालाही लागतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांनाच लागतं. आपोआप तयार होणारी सबटायटल्स एकदा नजरेखालून घाला, तांत्रिक शब्दांची ती वाट लावतात. पीडीएफ स्कॅन केलेल्या फोटोंची असेल तर स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती कोरी दिसते, त्यामुळे टाइप केलेली मूळ फाइलच द्या.

लाइव्ह तास

लाइव्हमध्ये लेक्चर देऊ नका. जे रेकॉर्ड होऊ शकतं ते रेकॉर्ड करा, लाइव्ह ठेवा प्रश्नांसाठी, उदाहरणं सोडवण्यासाठी, चर्चेसाठी. 40 मिनिटं खूप झाली, आणि झूमच्या फुकट खात्यावर ग्रुप कॉल तसाही 40 मिनिटांनी तुटतो, तर ती मर्यादा शिस्त म्हणून वापरा.

"कोणाला काही शंका?" असं विचारलं की शांतता. वर्गातही शांतताच असायची पण इथे ती तीन पट लांब वाटते. त्याऐवजी प्रश्न असा टाका की प्रत्येकाला एक शब्द चॅटमध्ये टाइप करावा लागेल, "या आलेखात चूक कुठे आहे, अ ब की क", आणि सांगा की मी तीन म्हणेपर्यंत एंटर दाबू नका, मग सगळे एकदम दाबतात आणि कोणी कोणाचं बघून लिहीत नाही. हा जुगाड फार कामाचा आहे.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. डेटा जातो ते एक, पण घर दाखवायची लाज हा भाग आपण धरतच नाही. शिवाय सतत स्वतःचा चेहरा समोर दिसत राहणं, खूप जवळून सगळ्यांचे डोळे आपल्यावर, हलायला जागा नाही, यानेच व्हिडिओ कॉलचा शीण येतो असं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये मांडलं होतं. तुमच्या स्क्रीनवर स्वतःचं चित्र लपवायची सोय असते, ती वापरून बघा, फरक पडतो.

लिंक जाहीर ठिकाणी टाकू नका, वेटिंग रूम चालू ठेवा, स्क्रीन शेअर फक्त तुमच्याकडे ठेवा. 2020 च्या वसंतात अनोळखी लोक वर्गात घुसून घाणेरडं काहीतरी दाखवायचे, त्यानंतर एप्रिलमध्ये झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम आपणहून चालू करून टाकले. तरी एक विद्यार्थी मदतनीस नेमा, जो चॅटवर लक्ष ठेवेल आणि गडबड झाली तर बाहेर काढेल, कारण शिकवताना तुम्हाला ते दिसणार नाही. सत्र रेकॉर्ड करत असाल तर आधी सांगा, आणि मुलांचा आवाज चेहरा असलेलं रेकॉर्डिंग वर्गाबाहेर जाऊ देऊ नका.

प्रयोगशाळा, फील्डवर्क

इथे दुधाची तहान ताकावर भागवायची आहे हे मान्य करा. पण प्रयोगाचे तुकडे केले तर दिसतं की हाताचं कौशल्य हा त्यातला एकच तुकडा आहे. प्रयोगाची आखणी, आकडे नोंदवणं, चूक कुठून आली ते शोधणं, आलेख, निष्कर्ष हे सगळं घरून होतं. मागच्या बॅचेसचे खरे आकडे द्या, मुद्दाम थोडे गचाळ असलेले, आणि म्हणा यातले कोणते टाकून द्याल आणि का. सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचे नकली प्रयोग, हवी असतील तर कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट बघा, नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. हाताचं कौशल्य मात्र नंतर इमारत उघडल्यावर दोन आठवड्यांच्या सलग वर्गात घ्यायचं म्हणून लिहून ठेवा, सिम्युलेशनवर पिपेट धरायला कोणी शिकत नाही, रसायनाच्या घरगुती प्रयोगांच्या भानगडीत तर पडूच नका.

परीक्षा

वर्गातली तीन तासांची लेखी परीक्षा उचलून घरी ठेवली की ती तुटते. कॉपी होते म्हणून नाही फक्त, तर तीन तास सलग नेट आणि शांत खोली ही गोष्ट किती जणांकडे आहे? आणि मग कॉपी थांबवायला कॅमेऱ्याने पहारा ठेवायचा, खोली फिरवून दाखवायला लावायची. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत एका फेडरल न्यायाधीशाने असं खोली स्कॅन करणं म्हणजे विद्यार्थ्याच्या घराची बेकायदा झडती आहे असं ठरवलं. कायदा देशादेशाप्रमाणे बदलेल, पण मला विचाराल तर त्या वाटेला जाऊच नका, जो फसवणार तो तरी फसवतोच, आणि प्रामाणिक पोरगं डोळा इकडेतिकडे गेला म्हणून घामाघूम होतं.

त्यापेक्षा एका मोठ्या परीक्षेचे सहा छोटे तुकडे करा आणि त्यातले उत्तम पाच धरा. सहावा आजारपणाला, नेट गेल्याला, कशालाही, कारण विचारायचं नाही, सर्टिफिकेट मागायचं नाही. साथीच्या दिवसात डॉक्टरच्या सर्टिफिकेटसाठी पोराला दवाखान्याच्या रांगेत उभं करणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे.

प्रश्न उघड्या पुस्तकाचे करा. म्हणजे "प्रमाण विचलनाची व्याख्या लिहा" हे गेलं (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप). त्याजागी: "दोन तुकड्यांचे हे मार्क आहेत, सरासरी दोन्हींची 62, प्रमाण विचलन एकीचं 4 आणि दुसरीचं 19. दोन्हींना एकच शिकवणी-वर्ग लावायचा प्रस्ताव आहे. मान्य करायचा का, 200 शब्दात." व्याख्या पुस्तकात सापडते, हे सापडत नाही. शब्दमर्यादा कडक ठेवा, तुमच्यासाठी, 60 पेपर प्रत्येकी 10 मिनिटं म्हटलं तरी 10 तास होतात, मर्यादा नसेल तर दुप्पट. पेपर उघडा ठेवा 24 तास, काम दोन तासांचंच, आणि ते दोन तासांचं आहे हे वर लिहा नाहीतर मुलं रात्रभर त्यावर बसतात.

2020 मध्ये एवढं पुरत होतं. आता नाही, नोव्हेंबर 2022 नंतर चॅटजीपीटी सारख्या गोष्टी आल्या आणि वरचा प्रश्न त्यांना सहज सुटतो. म्हणून आता दोन गोष्टी जोडा. एक, उत्तरात आपल्याच कोर्समधलं काहीतरी लागेल असं बघा, तिसऱ्या आठवड्यात आपण वापरलेला डेटा, फोरमवर झालेला वाद. दुसरं, पाच मिनिटांची तोंडी, फोनवरसुद्धा चालते: "तू दुसऱ्या परिच्छेदात असं लिहिलंस, ते उलटं असतं तर काय झालं असतं?" ज्याने स्वतः लिहिलंय तो बोलतो, ज्याने नाही तो ततपप करतो. 60 जणांना पाच मिनिटं म्हणजे 5 तास, चार दिवसांत वाटून घ्या. वर्ग 200 चा असेल तर चिठ्ठ्या टाकून 30 जण, आणि कोण ते आधी सांगायचं नाही.

जमा करायची रीत सोपी ठेवा. हाताने लिहून फोटो चालेल, टाइप चालेल, वेबसाइट अडली तर शेवटच्या क्षणी मेल चालेल, पण तो एक पत्ता आधीच जाहीर करा. पहिल्या खऱ्या परीक्षेच्या आठवडाभर आधी शून्य मार्कांची खोटी परीक्षा घ्या, फक्त फोटो काढून चढवता येतो का बघायला. तिथे जे रडगाणं होईल ते तिथेच होऊ द्या.

आणि ग्रेडचं वरच्या पातळीवर बोला. 2020 च्या वसंतात स्टॅनफर्डने त्या सत्रापुरते सगळे कोर्स फक्त पास किंवा क्रेडिट नाही असे केले होते. तुमच्या हातात तेवढं नसेल, पण विभागाच्या बैठकीत विषय काढणं हातात आहे.

तुम्हीच आजारी पडलात तर

याचा विचार कोणी करत नाही. पुढच्या दोन आठवड्यांचा मजकूर कायम तयार आणि चढवून ठेवलेला हवा, तारीख लावून, म्हणजे तो आपोआप उघडेल. एका सहकाऱ्याला कोर्समध्ये दुसरा शिक्षक म्हणून जोडून ठेवा, आणि तुम्ही त्याच्यात. मार्कांची यादी दर शुक्रवारी डाउनलोड करून संस्थेने दिलेल्या जागेतच दुसरीकडे ठेवा, वैयक्तिक पेनड्राइव्हवर नको. एका पानावर लिहा की कोणाला कसली मुदतवाढ दिलीय, काय ठरलंय, कारण ते फक्त तुमच्या डोक्यात असतं आणि ताप 103 असताना कोणी विचारलं तर सांगता येत नाही.

मेलला उत्तर कधी देणार तेही ठरवून टाका, कामाच्या दिवशी 24 तासांत, रात्री 8 नंतर नाही, आणि ते पाळा. तोच प्रश्न तीन जणांनी विचारला की उत्तर खासगीत न देता सगळ्यांसाठी टाका.

तिसऱ्या आठवड्यात

हजेरी बघू नका, लॉगिन बघा. मूडलमध्ये कोण शेवटचं कधी आलं ते दिसतं, ज्याचा दहा दिवस पत्ता नाही त्याला दोन ओळी लिहा, "दिसला नाहीस, ठीक आहेस ना, काय हलकं करता येईल ते सांग". दटावणीचा सूर नको, उत्तर येत नाही त्याने. घरातलं काही मोठं असेल तर समुपदेशकाचा नंबर द्या आणि तिथे थांबा, आपण समुपदेशक नाही.

मग सगळ्यांना तीन प्रश्न, नाव न लिहिता: कशाचा उपयोग होतोय, काय बंद करू, आठवड्याला खरे किती तास लागतायत. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या अंदाजाच्या दीडपट निघालं तर पुढच्या आठवड्यापासून एक गोष्ट काढा आणि काढली असं जाहीर सांगा. माझ्याकडे फोरमच्या सक्तीच्या पोस्ट निघाल्या. 60 जणांनी "मी वरच्याशी सहमत आहे" लिहिलेलं ना मुलं वाचत होती ना मी.